धोट्याचा क्रूस

७ जानेवारी २०२५, मंगळवार

जावयाने कानाचं यंत्र आणून दिलं आणि लेकीने ही वही. दोघांचं म्हणणं एकच: बाबा, आता ऐका जास्त आणि बोला कमी, जे बोलायचं ते यात लिहा. एकाहत्तराव्या वर्षी शिकवणी लागली म्हणायची.

आज यंत्र लावून फुटपाथवर गेलो. परळच्या मोठ्या इस्पितळासमोरचा हा फुटपाथ गेली एकवीस वर्षं माझं देऊळ आहे. कुठून कुठून कॅन्सरचे पेशंट येतात, त्यांची माणसं निळ्या ताडपत्रीखाली महिनोन् महिने राहतात. मी मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी जातो. कोणासाठी रांगेत उभा राहतो, कोणाचा रिपोर्ट आणून देतो, कोणाचा थर्मास गरम पाण्याने भरतो. चार वाजता ज्यांना हवी त्यांच्यासाठी प्रार्थना. ज्यांना नको, त्यांना नुसता चहा. मागेल त्याला एक लाकडी क्रूस.

क्रूस मीच करतो. मूळचा सुतार मी. लालबागची एक गिरणी मोडली तेव्हा भंगारवाल्याकडून पोतंभर धोटे उचलले होते. धोटा म्हणजे कापड विणताना सूत पोटात घेऊन इकडून तिकडे धावतो तो, होडीसारखा. लाकूड असं की करवतीला घाम फुटावा. एका धोट्यात चार क्रूस निघतात.

तर आज प्रार्थना झाली, आणि आमेन म्हणायच्या आधी मी जरा थांबतो तसा थांबलो. तेवढ्यात मागून घोगरा आवाज आला, "व्हय म्हाराजा."

वळून पाहिलं. मागे इस्पितळाची भिंत.

कोकणात देवळात गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाकडे मागणं मागतो, बाकीचे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. या फुटपाथवर आमेनच्या जागी असं म्हणणारा एकच होता, कुशाबा. त्याला दोन वर्षं झाली.

यंत्र नवीन आहे. खरखर होणारच.

९ जानेवारी, गुरुवार

आमच्या चर्चचे पाळकसाहेब राजरत्न घरी आले होते. पोरगा चौतिशीचा, शिकलेला, गोड गळ्याचा. मला "वडील" म्हणतात. आमच्या मंडळीत वडील हे पद आहे. माझ्या बाबतीत वयानेही चुकत नाहीत.

"वडील, दोन मार्चला वार्षिक मेळावा. तुमचा सत्कार ठरलाय. नाही म्हणायचं नाही."

"शाल देणार का? उन्हाळ्यात?"

हसले. मग म्हणाले, "अहवालात फुटपाथच्या सेवेवर दोन पानं हवीत. योहानभाऊ प्रभूकडे कसे आले, ती साक्ष मुख्य. तुम्ही दोन वर्षांपूर्वी सांगितली होती ना, लोक रडले होते. तीच लिहून द्या."

बरं म्हटलं. योहानभाऊ म्हणजे रस्त्यावर वारलेला एक बेवारस पेशंट. त्याच्या गळ्यात माझा क्रूस सापडला, म्हणून मी त्याला आपला म्हणून उचलला आणि ख्रिस्ती रीतीने माती दिली. नाव मीच ठेवलं. एकवीस वर्षांत फुटपाथवरून मंडळीच्या पटावर चढलेलं हे एकच नाव.

पाळकसाहेब जाताना टपालातलं एक पाकीट देऊन गेले. खाडीकडच्या दफनभूमीचं. मुंबईत मेल्यावरही जागा कायमची मिळत नाही. दोन-सव्वादोन वर्षांनी कबर उघडतात, हाडं घरच्यांच्या ताब्यात देतात, कोणी आलं नाही तर ती सामाईक विहिरीत जातात. पत्रात योहानच्या कबरीचा नंबर आहे. मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी. अर्जदार म्हणून खाली माझं नाव.

पाकीट भाकरीच्या डब्याखाली ठेवलं. का तिथे ठेवलं कोण जाणे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. जालन्याच्या बाईने मुलाचा रिपोर्ट चांगला आला म्हणून सगळ्या फुटपाथला तिळगूळ वाटला. मला दोनदा दिला. असा दिवस महिन्यातून एखादा येतो, आणि बाकीचे एकोणतीस त्याच्यावर निघतात.

तीनच्या सुमारास एक बाई आली. तिशीची, खांद्याला पर्स, पायात प्रवासाचे बूट. नाव मेघना. मालवणकडून आली म्हणाली, तिथे अंगणवाडीत शिकवते. मोबाईलवरचा फोटो पुढे केला.

"काका, ह्यांना कधी बघितलंत? माझे बाबा. दोन वर्षांपूर्वी इथेच उपचाराला होते. आम्हाला सांगायचे, लालबागला मित्राच्या खोलीवर राहतो. मित्राला विचारलं तर तो म्हणतो, आलेच नाहीत. पोलिसात हरवल्याची तक्रार आहे. बेवारस माणसांच्या फोटोंचे तीन आल्बम मी पानन् पान बघितले. त्यात नाहीत."

फोटोत कुशाबा हसत होता. मागे माडाचं झाड.

"इथे रोज शंभर माणसं येतात-जातात, ताई," मी म्हटलं. "नाही ओळखत."

माझ्या पिशवीतून एक क्रूस तिने उचलला, उलटापालटा केला, नाकाशी नेला. मग जागच्या जागी ठेवला. कागदावर नंबर लिहून दिला आणि म्हणाली, "आठवलं तर फोन करा."

संध्याकाळी घरी बायको, कालिंदी, तांदूळ निवडत बसली होती. तिला म्हटलं, एक पोरगी बापाला शोधत आली होती. तिने विचारलं, मग? म्हटलं, ओळखत नाही म्हणून सांगितलं.

कालिंदीचा हात थांबला. "आज कुठे कोंबडं आरवलं का हो?"

परळच्या चाळीत कोंबडं कुठून येणार. पण मला कळलं ती काय म्हणाली ते: ख्रिस्ताला त्याच्या शिष्याने तीनदा 'ओळखत नाही' म्हटलं, तेव्हा कोंबडं आरवलं होतं.

१५ जानेवारी

काही नाही. दिवसभर डोकं दुखलं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज यंत्र घरी ठेवून गेलो. नुसत्या कानांनी मला बसचा भोंगासुद्धा निम्माच ऐकू येतो.

प्रार्थना केली. थांबलो.

"व्हय म्हाराजा."

जालन्याच्या बाईला विचारलं, मागे कोण बोललं? म्हणाली, "कोणी नाही काका. तुमचं आमेन व्हायचं राहिलंय."

कुशाबाबद्दल एकदा लिहून टाकावं, म्हणजे डोक्यातून जाईल. घशाचा कॅन्सर होता. आवाज असा की सुक्या पानावरून कोणी चाललं वाटावं. दोन महिने फुटपाथवर एकटाच राहिला. मालवणचा, पण तरुणपण गिरणगावात गेलेलं. संप फिसकटल्यावर गावी परतला होता. पहिल्या दिवशी मी प्रार्थना केली तर हा आपला प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा." माणसं हसली. मी म्हटलं, "कुशाबा, आमच्यात शेवटी आमेन म्हणतात." तर म्हणाला, "ता तुमचा शेवटाक म्हणा. मधल्या मधी देवाक कोण हुंकार देतलो?"

मी प्रार्थना पुढे नेली.

क्रूस दिला तेव्हा त्याने कितीतरी वेळ हातात धरला. बोटाने चाचपला, वास घेतला. "ह्या लाकूड खंयचा?" मी सांगितलं धोट्याचं. त्याचे डोळे भरून आले. तेव्हापासून क्रूस गळ्यात. मी रोज बघायचो, प्रार्थनेच्या वेळी तो क्रूस ओठांशी न्यायचा आणि डोळे मिटायचा. एकवीस वर्षांत माझ्या क्रूसाचं चुंबन घेणारा तो पहिला. मी घरी येऊन कालिंदीला सांगायचो. नाताळात त्याला जेवायला घरी बोलवायचं ठरवलं होतं.

मग एक दिवस तो दिसला नाही. कालिंदीला मी सांगितलं, गावी गेला.

२६ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर तीन जणांनी सत्काराबद्दल अभिनंदन केलं. मंडळीतली एक म्हातारी बहीण म्हणाली, शामराव, एक का होईना, हरवलेलं मेंढरू आणलंत. तिच्या हातात माझा हात होता आणि मला तो सोडवून घ्यायचा होता.

ती दोन पानं अजून कोरी आहेत.

३० जानेवारी, गुरुवार

फुटपाथवर न जाता दुसऱ्याच इस्पितळाच्या शवागाराकडे गेलो. तिथे शिवा आहे. वीस वर्षं मयतांची उठाठेव करतोय, तरी माणूस हसरा.

"काय काका! कोण गेलं काय आपलं?"

"नाही रे. सहज."

"सहज? इकडे सहज कोण येतो? चाय पिणार?"

चहा घेता घेता विचारलं, "दोन वर्षांपूर्वी तो एक होता, माझ्या क्रूसवाला. आठवतो?"

"आठवतो ना. मीच तुम्हाला फोन मारला होता. लालबागला, जुन्या गिरणीचा टॉवर झालाय ना, त्याच्या गेटसमोर पडला होता. हवालदाराने तुम्हाला विचारलं, काका, ओळखता काय? तुम्ही लय टाइम बघत होते. मग बोलले, आमचाच."

"चेहरा सुजला होता ना रे त्याचा? ओळखू येत नव्हता."

शिवाने कप खाली ठेवला. "चेहरा? काय बोलता काका. एकदम साफ होता. झोपल्यासारखा."

परत येताना परळ नाक्यावर किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. दोन वर्षं मी स्वतःला सांगत आलो की चेहरा सुजला होता. इतक्या वेळा सांगितलं की मला तो सुजलेला चेहरा दिसायला लागला होता.

आता वहीत तरी खरं लिहितो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

मी त्याला पाहताक्षणी ओळखलं. हवालदाराने नाव विचारलं तेव्हा कुशाबा हे नाव माझ्या जिभेवर होतं. पण ते उच्चारलं असतं तर कागदावर हिंदू लागलं असतं. गाव शोधलं असतं, नाहीतर दुसऱ्या कोणीतरी नेऊन दहन केलं असतं. आणि गळ्यात माझा क्रूस होता. मला वाटलं, देवाने हा मला दिलाय. इतकी वर्षं मी इथे चहाच वाटला का, असं मंडळीत कुजबुजत होते, त्यांना उत्तर दिलंय. मी म्हटलं, आमचाच. नाव, योहान.

त्या एका शब्दाने तो बेवारस राहिला नाही. म्हणून त्याचा फोटो त्या आल्बमात नव्हता. त्याची लेक तीन आल्बम पानन् पान बघत होती, आणि मी त्याला आधीच त्यातून काढून घेतला होता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कालिंदीला सांगितलं. भाजी चिरत होती. चिरून झाली, विळी आडवी केली, मग बोलली.

"कुशाबा गावी गेला म्हणालात, आणि त्याच आठवड्यात योहान मेला. दोन आणि दोन चार मलाही करता येतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. आणि हो, तुमचं ते थांबणं. आमेनच्या आधी. पूर्वी तुम्ही थांबत नव्हता. आता घरीसुद्धा थांबता. ताट वाढलेलं असतं, भात गार होतो, आणि तुम्ही कान टवकारून बसता."

मला वाटत होतं मी पहिल्यापासून थांबतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पाळकसाहेबांना सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले.

"वडील, तुमचा हेतू वाईट नव्हता. कुठल्यातरी परक्या हातून गेला असता, त्यापेक्षा प्रार्थनेत गेला. झालं ते झालं. पुरलेलं उकरू नका."

"उकरणारच आहेत, पाळकसाहेब. अठ्ठावीस तारखेच्या आत. पत्र तुम्हीच आणून दिलंत."

"मंडळीचं नाव जाईल. धर्म बदलला म्हणून बोंब होईल, आजकालचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. सहीच करू नका. विहिरीत जाऊ द्या. तिथे सगळे सारखेच."

चुकीचं बोलले नाहीत ते. भीती मलाही आहे. मी गप्प बसलो की सगळे वाचतात: मंडळी, ते, मी, माझी शाल. विहिरीत एकदा हाडं मिसळली की कुशाबा कोणाला सापडायचा नाही, देवालासुद्धा निवडून काढावा लागेल.

जिन्यात त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. शेवटी ते थांबले नाहीत, पण आवाज आला. आज जरा जवळून.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला गेलो नाही. चाळीच्या गच्चीवर जाऊन मेघनाला फोन लावला.

"हॅलो, मेघनाताई? मी परळहून शामराव. फुटपाथवरचा."

"बोला काका."

"तुमचे बाबा..."

"तुम्ही बोला. मी ऐकतेय."

सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. सुजलेल्या चेहऱ्याची थापही सांगितली. तिकडून कोणीतरी पाणी ओढत असल्याचा रहाटाचा आवाज येत होता, तो थांबला. मग ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. बाबा फोनवर सांगायचे, हंय एक सुतार आसा, धोट्याचे क्रूस करता. तुमच्या पिशवीत ते क्रूस, आणि तुम्ही म्हणता ओळखत नाही."

"मग मला तिथेच धरलं का नाहीस, पोरी?"

रहाट पुन्हा सुरू झाला.

"कारण मलापण 'नाही'च ऐकायचं होतं, काका. तुम्ही 'हो' म्हणाला असतात, तर मला घरी येऊन आईला सांगावं लागलं असतं. ती अजून मंगळसूत्र घालते. रोज एक ताट झाकून ठेवते. मी विचार केला, अजून एक महिना घालू दे." मग नाक ओढलं. "पण आता ती आजारी आहे. बाबांचं काय झालं ते कळल्याशिवाय तिला मरायचं नाहीय. रोज एकच, गावलो काय गे?"

मी मुदतीचं सांगितलं. म्हणाली, येते. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मेघना आली. आधी पोलीस ठाण्यात गेलो. मी जबाब दिला. कागदावरचा फोटो तिला दाखवला. तिने मान हलवली आणि भिंतीकडे बघत बसली. साहेब मला म्हणाले, "आजोबा, या वयात हे काय केलंत?" पुढे काय होईल ते वरचे ठरवतील म्हणे. बोलावतील तेव्हा जायचं. दफनभूमीत देण्याचं पत्र मात्र तिच्या नावाने मिळालं.

मग तिला बाबांची जागा बघायची होती. फुटपाथवर नेली. भिंतीपाशी, कोपऱ्यातल्या खांबाजवळ. तिथे ती मांडी घालून बसली. मी बाजूला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, एक सांगतो. माझं चुकलं ते चुकलं. पण तुझ्या बाबांच्या मनात काहीतरी होतं. रोज प्रार्थनेला तो क्रूस ओठांना लावायचे. मी डोळ्यांनी बघितलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. हसू आणि रडू एकाच वेळी तोंडावर आलं.

"काका, तुम्ही गिरणीत होतात?"

"नाही. सुतार मी. इस्पितळात खाटा दुरुस्त करायचो."

"बाबा साचेखात्यात होते. कापड विणायला. धोट्यात नवीन सुताची कांडी घातली की टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागतं. हाताने वेळ जातो. सगळे तोंड लावून ओढायचे, असं." तिने बोटं ओठांशी नेऊन श्वास आत घेतला. "दिवसातून शंभर वेळा. कापसाचे तंतू घशात जायचे. आई म्हणते, त्यानेच घसा गेला. गावी आल्यावरसुद्धा हातात लाकडाचा तुकडा आला की नकळत तोंडाशी न्यायचे. आम्ही चिडवायचो. फोनवर म्हणाले होते, मेघू, माझो धोटो माका गावलो गो. गळ्यात घातलंय."

दोन महिने मी एका माणसाला माझ्या देवाचं चुंबन घेताना बघत होतो, आणि तो आपल्या साच्यावर सूत ओढत होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहाला दफनभूमी. तिथला मुकादम आग्नेलो कागद बघून म्हणाला, "अंकल, इकडे नाव योहान लिवलाय. पोलिसाच्या लेटरमधे कुशाबा. कोण खरा?"

"कुशाबा," मी म्हटलं. दोन वर्षांत हे नाव त्याच्या कबरीपाशी पहिल्यांदा तोंडातून निघालं.

"मग योहान कोण?"

"योहान कोणी नाही."

त्याने खांदे उडवले. "मागे सरा. मिस, तुम्ही पण. धूळ उडेल."

मेघना सरली नाही. दोघा माणसांनी माती काढली. मी मान खाली घालून माझ्या चपलांकडे बघत होतो. फावड्याचा आवाज थांबला, मग नुसत्या हातांचा येऊ लागला. आग्नेलो आत उतरला होता. एकेक उचलून हलक्या हाताने पाटीत ठेवत होता, जशी बाई अंडी ठेवते.

"ये काय, क्रॉस हाय," तो म्हणाला.

दोरी कुजून गेली होती. लाकूड तसंच होतं, काळपट, टणक. धोट्याच्या लाकडाला दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. मेघनाने ओढणीने पुसलं, नाकाशी नेलं.

"नुसतो मातयेचो वास," ती म्हणाली. बापाच्या बोलीत.

गावाहून लाल कापड आणलं होतं. त्यात सगळं बांधलं. क्रूसही त्यातच ठेवला. मी म्हटलं, "तो राहू दे ना. तुमच्यात..." ती म्हणाली, "तो धोटा आहे, काका. त्यांचा आहे."

मग गाठ मारता मारता थांबली. "गाऱ्हाणं घाला."

"मला येत नाही, पोरी."

"तुम्हाला येतं तसं घाला. त्यांनी इतके दिवस तुमच्या प्रार्थनेला हुंकार दिला. आता मी देते."

मी हात जोडले. मग म्हटलं, "देवा, हा कुशाबा आहे."

"व्हय म्हाराजा," मेघना म्हणाली.

"मी याला ओळखत होतो, आणि नाही म्हणालो."

"व्हय म्हाराजा."

"दुसऱ्याचंच नाव लावून मी याला तुझ्याकडे पाठवला. याच्या घरी दोन वर्षं ताट झाकून ठेवत होते, आणि मी याची साक्ष सांगत होतो."

"व्हय म्हाराजा." या वेळी आग्नेलोचाही आवाज होता. टोपी त्याने छातीशी धरली होती.

"याला याच्या घरी जाऊ दे. वाटेत कोणाला अडवू देऊ नको. आणि त्या माउलीला आज सांगायचंय, ते सांगायचं बळ या पोरीला दे."

याला मात्र ती हुंकार देऊ शकली नाही. आग्नेलोने एकट्यानेच दिला.

आमेन म्हणायचं मी विसरलो. बसमध्ये बसल्यावर आठवलं.

२ मार्च, रविवार

मेळावा. शाल, नारळ नव्हे तर पुष्पगुच्छ, सगळं टेबलावर मांडलं होतं. पाळकसाहेबांना आधीच सांगितलं होतं मी काय बोलणार ते. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

बोललो. पाच मिनिटं लागली. पटावरचं नाव खोडावं अशी विनंती केली आणि वडीलपण परत केलं. सभागृहात पंख्यांचा आवाज. मग मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे एकवीस वर्षांत एकही नाही?" मी म्हटलं, "एकही नाही."

त्या म्हातारीने या वेळी माझा हात धरला नाही. तिचं खरं आहे. तिने त्या योहानसाठी दोन वर्षं मेणबत्ती लावली होती.

चपला घालताना पाळकसाहेब जवळ आले. "गुरुवारी किती वाजता असता तुम्ही तिथे?" मी म्हटलं, दुपारपासून. "प्रार्थना नाही करणार मी," ते म्हणाले. "रांगेत उभा राहीन."

११ मार्च, मंगळवार

सकाळी मेघनाचा फोन. अस्थी खाडीत सोडल्या. आईने मंगळसूत्र स्वतःच्या हाताने काढून ठेवलं आणि त्या दिवशी पोटभर जेवली. रोजचं झाकलेलं ताट आता नाही. मग म्हणे लेकीला विचारलं, "त्या सुतारान काय नाव ठेवलेला?" मेघनाने सांगितलं. म्हातारी विचार करून म्हणाली, "माणूस मेल्यार नाव तरी ठेवलान. लोक तसोच टाकून जातत."

मला हे ऐकून बरं वाटायला नको होतं. पण वाटलं.

दुपारी फुटपाथवर गेलो. पोत्यात सात धोटे उरलेत. आता ते कापणार नाही. एक खिशात घेऊन गेलो होतो, आख्खा. चहा वाटता वाटता भिंतीआड गेलो आणि तो तोंडाला लावून बघितला, भोकातून श्वास ओढला. जुनी धूळ घशात गेली आणि ठसका लागला. कितीतरी वेळ खोकत होतो. आवाज ओळखीचा वाटला.

चार वाजता प्रार्थना. जालन्याच्या बाईच्या मुलासाठी, नव्या आलेल्या बिहारच्या आजोबांसाठी. शेवटी म्हटलं, कुशाबासाठी. आणि थांबलो.

कानात यंत्र होतं. बसचा भोंगा ऐकू आला, चहावाल्याची किटली, ताडपत्री फडफडली तीसुद्धा.

बाकी काही नाही.

"काका," जालन्याची बाई हळूच म्हणाली, "आमेन?"

"हो," मी म्हटलं. "जरा थांब."